बायोटेक उद्योग दुसऱ्या नोकरीतून वाढतो

कुठल्याही शहराच्या आर्थिक विकास विभागाचं सादरीकरण उघडा किंवा कुठल्याही विद्यापीठाच्या बायोटेक मास्टर्सची जाहिरात वाचा, कृती तीच असते. चांगलं विद्यापीठ घ्या. त्यात बायोटेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम काढा. जोडीला उद्योजकतेचा एक कोर्स, वर्षाला एक पिच स्पर्धा आणि एक इनक्युबेटर द्या. मुलं शिकतील, कंपन्या काढतील आणि दहा-पंधरा वर्षांत आपलं शहर पुढचं बॉस्टन होईल.

आपल्यापैकी अनेकजण या कृतीतला कच्चा माल आहोत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा कुठल्यातरी गावी बायोटेकची पदवी, मग कर्ज काढून अमेरिकेत एमएस, मग नोकरीची शोधाशोध. त्यामुळे ही कृती बरोबर आहे का, हा आपल्यासाठी नुसता धोरणाचा प्रश्न नाही. त्यात आपली उमेदीची वर्षं आणि घरच्यांचे पैसे अडकलेले आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्या प्रदेशात बायोटेक उद्योग उभा राहतो तो पदव्यांमधून किंवा पिच स्पर्धांमधून नाही. तो उभा राहतो जेव्हा एका कंपनीत काम शिकलेली माणसं तिथून बाहेर पडतात आणि त्याच परिसरात दुसरं काम धरतात किंवा नवी कंपनी काढतात. म्हणजे दुसऱ्या नोकरीतून. विद्यापीठाची कृती पहिल्या नोकरीपाशी संपते. आणि आपल्यासारख्यांसाठी दुसऱ्या नोकरीची वाटच अरुंद करून ठेवलेली आहे. हे तपासायला आपण टेक्ससमधलं अर्विंग घेऊ.

अर्विंगच का?

अर्विंग हे डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधलं, विमानतळाला चिकटलेलं शहर. तिथल्या भारतीयांना ते व्हॅली रँचमुळे आणि एकता मंदिरामुळे माहीत आहे. बाकीच्यांना लास कोलिनासच्या काचेच्या इमारतींमुळे. औषध वितरणातली प्रचंड मोठी कंपनी मकेसन हिनं २०१९ मध्ये आपलं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोहून इथे आणलं. कर्करोगाच्या गाठींची जनुकीय तपासणी करणारी कॅरिस लाइफ सायन्सेस इथलीच; ती जून २०२५ मध्ये नॅसडॅकवर आली.

पण अर्विंगमध्ये स्वतःचं मोठं संशोधन विद्यापीठ नाही. युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस नाव असलेली संस्था खरं तर अर्विंगमध्ये आहे, पण ती तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांसाठी ओळखली जाणारी छोटी कॅथलिक संस्था आहे. संशोधनाची ताकद आजूबाजूला आहे: डॅलसमधलं यूटी साउथवेस्टर्न हे वैद्यकीय विद्यापीठ, रिचर्डसनमधलं यूटी डॅलस, आर्लिंग्टनमधलं यूटी आर्लिंग्टन. म्हणून 'अर्विंगचा बायोटेक उद्योग' असं म्हणताना आपण या सगळ्या पट्ट्याबद्दल बोलतोय, हे धरून चला. कामावर जाताना लोक शहरांच्या हद्दी बघत नाहीत, गाडीचा वेळ बघतात.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण माहितीपत्रकांमध्ये ती कधी सापडत नाही. मुख्यालय वेगळं आणि प्रयोगशाळा वेगळी. कॅरिसचं मुख्यालय अर्विंगमध्ये असलं तरी तिची मोठी प्रयोगशाळा अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला आहे. 'आमच्या शहरात इतक्या लाइफ सायन्स कंपन्या आहेत' या वाक्यात नेमकं काय आहे, पिपेट आहे की नुसती पॉवरपॉइंट, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

शोध इथे, औषध तिथे

कृतीचा पहिला दावा असा की उत्तम विद्यापीठ असलं की उद्योग मागोमाग येतो. डॅलसइतकं याचं खणखणीत उलट उदाहरण क्वचित सापडेल.

यूटी साउथवेस्टर्नच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशी कसं उचलतात आणि त्याचं नियमन कसं होतं, हे त्यांनी उलगडलं. स्टॅटिन गोळ्या शरीरात काम का करतात, ते या संशोधनामुळे समजलं. पण अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं स्टॅटिन, लोवास्टॅटिन, १९८७ मध्ये आणलं ते मर्कनं. म्हणजे न्यू जर्सीनं.

वीसेक वर्षांनी तेच पुन्हा घडलं. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी डॅलसमधल्या हजारो रहिवाशांच्या अभ्यासातून दाखवलं की पीसीएसके९ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या लोकांचं कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राहतं; अशा लोकांना हृदयविकारही कमी होतो, हे त्यांनी पुढे दाखवलं. हे काम २००५-०६ चं. त्यावर बेतलेली दोन औषधं २०१५ मध्ये बाजारात आली. एक रीजेनेरॉन आणि सनोफीचं, दुसरं अ‍ॅमजेनचं. न्यूयॉर्क, पॅरिस आणि कॅलिफोर्निया. रक्ताचे नमुने डॅलसच्या लोकांचे, कारखाने दुसऱ्यांचे.

यात विद्यापीठाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ज्ञान जगासाठी असतं, आणि ज्यांचा हार्ट अटॅक टळला त्यांना औषध कुठल्या राज्यातून आलं याच्याशी घेणंदेणं नाही. पण 'विद्यापीठ चांगलं करा म्हणजे उद्योग येईल' असं सांगणाऱ्यांनी या दोन गोष्टींचं उत्तर द्यायला हवं. नोबेलपेक्षा चांगलं विद्यापीठ आणखी कसं करायचं?

रियाटाची एकवीस वर्षं

आता अर्विंगची गोष्ट. रियाटा फार्मास्युटिकल्स ही कंपनी २००२ मध्ये सुरू झाली आणि बरीच वर्षं अर्विंगमध्ये होती. तिचा सुरुवातीचा मुख्य रेणू बार्डोक्सोलोन. त्याच्या रसायनशास्त्राची मुळं न्यू हॅम्पशायरच्या डार्टमथ कॉलेजात आणि सुरुवातीचं वैद्यकीय काम ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये. म्हणजे या पट्ट्यातली एक सगळ्यात यशस्वी बायोटेक कंपनी वाढली ती मुख्यतः बाहेरच्या शोधावर. शेजारच्या विद्यापीठातून शोध बाहेर पडतो आणि शेजारीच कंपनी होते, हे चित्र इथेही नीट बसत नाही.

बार्डोक्सोलोनचा प्रयोग मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णांवर चालू होता. सगळं छान दिसत होतं. अ‍ॅबट कंपनीनं २०१० आणि २०११ मध्ये मिळून ८५ कोटी डॉलरचे दोन करार केले. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिसऱ्या टप्प्यातली चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात हार्ट फेल्युअर आणि मृत्यूचं प्रमाण जास्त दिसत होतं. दोन हजारांहून जास्त रुग्णांचा प्रयोग, दहा वर्षांचं काम, आणि हातात काही नाही.

पिच स्पर्धेत याच्यासाठी स्लाइड नसते. तिथे गोष्ट 'समस्या, उपाय, बाजारपेठ, टीम' अशी चार उड्यांत संपते. खऱ्या बायोटेक कंपनीचा मधला बराच काळ असा जातो, की काय चुकलं ते शोधायचं, आकडे पुन्हा तपासायचे, नियामकांना उत्तरं द्यायची, आणि तरीही पुढच्या रेणूवर काम चालू ठेवायचं. रियाटानं ते केलं. त्याच कुळातला पण कंपनीच्याच रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेला ओमाव्हेलोक्सोलोन हा रेणू त्यांनी फ्रीडराइख अटॅक्सिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी पुढे नेला. यात मुलांचा तोल हळूहळू जातो, चालणं सुटतं, हृदयही बिघडतं. २०१६ मध्ये कंपनी नॅसडॅकवर आली. पुढे मुख्यालय अर्विंगहून प्लेनोला गेलं. २८ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेच्या एफडीएनं या औषधाला मान्यता दिली. या आजारावरचं ते पहिलं मान्यताप्राप्त औषध. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या बायोजेननं रियाटा सुमारे ७.३ अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

सुरुवात ते मान्यता: एकवीस वर्षं. एमएसचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. उद्योजकतेचा कोर्स एका सत्राचा. भारतात बायरॅकचं 'बिग' हे नवउद्योजकांसाठीचं अनुदान ५० लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी उपयोगी आहे. पण एकवीस वर्षांच्या प्रवासाची तयारी म्हणून दोन वर्षांची पदवी दाखवणं म्हणजे पोहायला शिकवलं म्हणून इंग्लिश खाडी पार झाली असं सांगण्यासारखं आहे.

विकली गेली म्हणजे संपली का?

रियाटा बाहेरच्यांनी घेतली, आता टेक्ससला काय उरलं, असा सूर ऐकू येतो. अशीच खंत २०१९ मध्ये पेलोटन थेराप्युटिक्सबद्दलही व्यक्त झाली. (व्यायामाच्या सायकलीवाली नव्हे, ही डॅलसची.) यूटी साउथवेस्टर्नमध्ये स्टीव्हन मॅकनाइट यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये सापडलेल्या एका प्रथिनावर ही कंपनी उभी राहिली. शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर मर्कनं ती १.०५ अब्ज डॉलर रोख आणि पुढच्या टप्प्यांवर आणखी रक्कम असा करार करून घेतली. तिचं औषध बेल्झुटिफान ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालं. शोध ते औषध, चोवीस वर्षं.

पेलोटनच्या गोष्टीत एक अडचणीचं पान आहे. टेक्ससच्या मतदारांनी २००७ मध्ये कर्करोग संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरचा सरकारी निधी मंजूर केला. सीप्रिट या संस्थेमार्फत तो वाटला जातो. या संस्थेनं पेलोटनला दिलेलं सुमारे १.१ कोटी डॉलरचं अनुदान आवश्यक ते परीक्षण न होताच मंजूर झालं होतं, हे २०१२ मध्ये उघड झालं. मोठा गदारोळ झाला, नवी अनुदानं काही काळ थांबली, नियम कडक झाले. २०१९ मध्ये मतदारांनी आणखी तीन अब्ज दिले. यावरून कुणी म्हणेल, बघा, नियम मोडले म्हणून औषध मिळालं. तसं अजिबात नाही. पैसा सार्वजनिक असेल तर परीक्षण झालंच पाहिजे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चोवीस वर्षांच्या रस्त्यावर धीर धरणारा पैसा लागतो आणि तो कुठून येतो हे उद्योजकतेच्या वर्गात फारसं कुणी शिकवत नाही. इथे तो मतदारांच्या खिशातून आला.

पण कंपनी विकली जाणं हा शेवट असतो का? सॅन डिएगोचं उदाहरण बघा. १९७८ मध्ये तिथल्या विद्यापीठातले आयव्हर रॉयस्टन आणि हॉवर्ड बर्नडॉर्फ यांनी हायब्रिटेक काढली. १९८६ मध्ये इंडियानाच्या एली लिलीनं ती विकत घेतली. मोठ्या कंपनीच्या शिस्तीत हायब्रिटेकच्या लोकांचा जीव रमेना. ते बाहेर पडले, पण शहर सोडून गेले नाहीत. पुढच्या काही वर्षांत हायब्रिटेकच्या माणसांनी काढलेल्या किंवा चालवलेल्या कंपन्यांची रांग लागली. जेन-प्रोब आणि आयडेक यांची मुळंही याच मंडळींत. आणि ही आयडेक २००३ मध्ये कुणात विलीन झाली? बायोजेनमध्ये. त्याच बायोजेनमध्ये, जिनं वीस वर्षांनी रियाटा घेतली.

म्हणजे कंपनी विकली गेली की तोटा झाला असं नाही. तोटा होतो तो तिथली माणसं पांगली की. रियाटात ज्यांनी अपयशी चाचणी पचवली, एफडीएशी पत्रव्यवहार केला, औषधाचं उत्पादन जुळवलं, ती माणसं आज कुठे आहेत? डॅलसमध्येच दुसऱ्या कंपनीत असतील तर या पट्ट्याला रियाटाकडून ७.३ अब्ज डॉलरपेक्षा मोठी गोष्ट मिळाली. केंब्रिजला किंवा सॅन डिएगोला गेली असतील तर पट्टा पुन्हा पहिल्या पायरीवर. हा आकडा कुठलंही शहर आपल्या सादरीकरणात देत नाही.

आपल्याकडेही हेच घडलं होतं

महाराष्ट्राचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. अंजी रेड्डी शिकले मुंबईच्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आजच्या आयसीटीमध्ये. पीएचडी केली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. आणि कंपनी, डॉ. रेड्डीज, निघाली १९८४ मध्ये हैदराबादला. शिक्षण आपलं, उद्योग त्यांचा. असं का झालं? ते मूळचे आंध्रचे होते हे एक कारण झालं. दुसरं असं की पीएचडीनंतर त्यांनी नोकरी केली हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये, सरकारी औषध कारखान्यात. औषध मोठ्या प्रमाणावर कसं बनवतात, हे तिथे शिकता येत होतं. आयडीपीएल स्वतः पुढे आजारी पडली, पण तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी हैदराबादचा औषध उद्योग उभा केला. हैदराबादची हायब्रिटेक म्हणजे हा सरकारी कारखाना.

पुण्यातही हे थोडं वेगळ्या रीतीनं झालं. परळची हाफकिन संस्था १८९९ ची, प्लेगच्या काळात सुरू झालेली. विषप्रतिबंधक सीरम बनवायला घोडे लागत, आणि पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली ती या ओळखीतून. घोडे आपले, मग सीरमही आपणच का बनवू नये, हा हिशोब. त्यामागे अभ्यासक्रम नव्हता, कामाचा संबंध होता.

डॅलसमध्येही बायोटेकच्या आधीचा इतिहास हेच सांगतो. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एरिक जॉन्सन, सेसिल ग्रीन आणि यूजीन मॅकडर्मॉट या संस्थापकांना इंजिनियर आणि शास्त्रज्ञ बाहेरून आणावे लागत होते. म्हणून त्यांनी १९६१ मध्ये स्वतः एक संशोधन संस्था काढली. १९६९ मध्ये ती राज्याला दिली, आणि तिचं यूटी डॅलस झालं. आधी कारखाना, मग विद्यापीठ. मुंबईत १९३३ मध्ये यूडीसीटी सुरू झाली तेव्हाही कापड गिरण्या आणि रसायनांचा धंदा शहरात आधीपासून होता.

आता याच्या शेजारी २००० नंतरचा महाराष्ट्र ठेवा. २००१ मध्ये राज्याचं जैवतंत्रज्ञान धोरण आलं. कॉलेजांनी बायोटेकचे विनाअनुदानित अभ्यासक्रम काढले. फी जास्त, नाव आकर्षक. पालकांना सांगितलं गेलं की आयटीनंतर बायोटेकची लाट आहे. मुलं शिकली. मग अनेकजण एमबीएकडे वळले, अनेकजण मेडिकल रायटिंगकडे, क्लिनिकल डेटाकडे, आयटीकडे, आणि बरेचसे विमानात बसले. मुलं हुशार नव्हती असं नाही. त्यांना सामावून घेईल आणि काम शिकवेल इतका उद्योगच नव्हता. आधी पदवी छापली आणि उद्योग मागून येईल असं धरलं. आज अमेरिकेतल्या शहरांना हीच कृती नव्यानं विकली जातेय, आणि तिचे गिऱ्हाईक पुन्हा आपणच आहोत.

साठ दिवसांत कंपनी निघत नाही

आता या सगळ्यातली आपली खास अडचण.

एमएस संपलं की ओपीटीचे १२ महिने, आणि स्टेमवाल्यांना आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत स्वतःच्या कंपनीत काम करता येतं. पण पुढच्या २४ महिन्यांसाठी खरा मालक-नोकर संबंध असलेली कंपनी आणि तिनं सही केलेला प्रशिक्षण आराखडा लागतो. स्वतःच मालक म्हणून स्वतःच्या फॉर्मवर सही करता येत नाही. मग एच-१बीची लॉटरी. विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्थांना या लॉटरीतून सूट आहे, म्हणून आपले कितीतरी लोक विद्यापीठाच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं राहतात. ती त्यांची आवड असतेच असं नाही. ती सुरक्षित जागा असते. आणि त्या व्हिसावर असताना बाजूला स्वतःच्या स्टार्टअपमध्ये पगारी काम करायचं तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत कंपनीचा मालक असलेल्या माणसालाही तिच्यामार्फत एच-१बी मागता येतो, पण पहिला अर्ज आणि पहिलं नूतनीकरण फक्त १८-१८ महिन्यांचं. ग्रीन कार्डची भारतीयांची रांग तर आपल्याला सांगायला नको.

आता हे हायब्रिटेकशी जोडून बघा. कंपनी विकली जाते, नवे मालक येतात, चार अनुभवी माणसं राजीनामा देतात, सहा महिने कुणाच्या तरी गॅरेजमध्ये बसून विचार करतात आणि नवी कंपनी काढतात. प्रदेश वाढवणारं यंत्र हेच. त्याला इंधन एकच लागतं: सोडून जाण्याची मुभा. आपल्यातल्या मोठ्या गटाला तीच नाही. रियाटासारखी कंपनी विकली गेली की नागरिक असलेला सहकारी म्हणतो, 'बघू आता काय करायचं ते.' त्याच्या शेजारच्या टेबलावरचा आपला माणूस पहिल्या दिवसापासून साठ उलटे मोजायला लागतो, आणि बॉस्टन, न्यू जर्सी, जिथून ऑफर येईल तिथे जातो. शिकलेलं सगळं घेऊन जातो. प्रदेशाचा तोटा, त्याचाही तोटा.

म्हणून उद्योजकतेच्या वर्गाबद्दल माझी तक्रार 'तो निरुपयोगी आहे' अशी नाही. पेटंट वाचायला, खर्चाचा अंदाज बांधायला, शास्त्र न कळणाऱ्याला शास्त्र समजावायला तो शिकवतो. तक्रार अशी आहे की ज्या वर्गात निम्मी मुलं व्हिसावर आहेत, तिथे व्हिसावर एकही तास नसणं हा अप्रामाणिकपणा आहे. 'तुमच्यातला फाउंडर जागा करा' असं सांगायचं आणि जागा झाल्यावर कायद्यानं त्याला झोपवायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत.

मग विद्यापीठानं करायचं काय?

विद्यापीठ मातृकंपनी होऊ शकत नाही, पण तिच्या जवळ जाऊ शकतं. नॉर्थ कॅरोलायनानं ते केलं. तिथल्या राज्य विद्यापीठात २००७ मध्ये बीटेक नावाचं केंद्र उघडलं (आपल्या पदवीचा याच्याशी संबंध नाही, हे बायोमॅन्युफॅक्चरिंगचं प्रशिक्षण केंद्र). तिथे खऱ्या कारखान्यासारखी यंत्रं आहेत: मोठे बायोरिअ‍ॅक्टर, शुद्धीकरणाचे कॉलम, निर्जंतुक भरणीची यंत्रणा. कम्युनिटी कॉलेजांमध्ये बायोवर्क हा छोटा कोर्स आहे, त्यातून बारावी झालेला माणूस औषध कारखान्यात प्रोसेस टेक्निशियन होऊ शकतो. डॅलसची टेशा जीन थेरपीज यूटी साउथवेस्टर्नच्या संशोधनावर उभी राहिली, पण तिनं आपला उत्पादन कारखाना कुठे काढायचं ठरवलं होतं? नॉर्थ कॅरोलायनात, डरहमला. तो बेत पुढे मागे पडला, पण ठिकाणाची ती निवड बोलकी आहे.

इथे आपल्या मनातली एक गाठही सोडवायला हवी. आपल्याकडे 'टेक्निशियन' म्हटलं की घरचे तोंड वाकडं करतात. मुलगा सायंटिस्ट तरी व्हावा, नाहीतर फाउंडर. बॅच बिघडली तर का बिघडली हे ओळखणारा, नोंदी नीट ठेवणारा, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर शांत उभा राहणारा माणूस आपल्या स्वप्नात कुठे बसत नाही. पण कंपनी टिकते ती त्याच्यामुळे, आणि पुढे कंपनी काढताना लागणारं ज्ञान बऱ्याचदा त्याच्याकडे असतं. अंजी रेड्डी आधी कारखान्यात नोकरीला होते, हे विसरू नका.

डॅलसमध्ये यूटी साउथवेस्टर्नजवळ पेगॅसस पार्क उभं राहिलंय, भाड्यानं वेट लॅब मिळतात, २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या आर्पा-एच या संस्थेनं आपलं एक केंद्रही तिथे ठेवलं. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून काम करतंय. ही चांगली कामं आहेत. पण त्यांचं यश 'किती स्टार्टअप आले' यावर मोजू नये. तिथे काम करून बाहेर पडलेला माणूस पाच वर्षांनी त्याच परिसरात, त्याच क्षेत्रात आहे का, हे मोजावं.

तुम्हीही तेच मोजा. एमएसला प्रवेश घेण्याआधी किंवा ऑफर स्वीकारण्याआधी, विद्यापीठाची क्रमवारी आणि इनक्युबेटरचे फोटो बघून झाले की लिंक्डइनवर अर्धा तास काढा. त्या कोर्समधून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली दहा माणसं शोधा. त्यांची पहिली नोकरी कुठे होती ते बघू नका, दुसरी बघा. ती गाडीनं तासाभराच्या अंतरात असेल तर त्या गावात उद्योग आहे. विमानानं जावं लागत असेल तर तिथे चांगलं विद्यापीठ आहे, इतकंच.